लिलीसांच्या घरची धून

डिम्प्नाची पेटी सेनन लिलीसला द्यायची म्हणून मी त्या शनिवारी गावच्या संगीत उत्सवाला गेलो. नाहीतर गेलो नसतो.

डिम्प्ना माझी बायको. फेब्रुवारीत गेली. जाण्याआधी आठवडाभर तिनं मला सांगितलं होतं, "माझी कॉन्सर्टिना सेननला दे. पुढं कुणाला द्यायची ते तो बघेल." कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत धरून वाजवायची भात्याची छोटी पेटी. आमच्या पश्चिम क्लेअरमध्ये कुठल्याही घरात सापडेल. मी हो म्हणालो. मग मार्च गेला, मे गेला, पेटी कपाटावर होती तिथंच राहिली. सेननने दोनदा विचारलं. एकदा चर्चबाहेर, एकदा पेट्रोलपंपावर. "मॅलकी, त्या पेटीचं काही ठरवलंस का रे?" दोन्ही वेळा मला वाटलं, याला एवढी घाई कसली?

सेननबद्दल माझ्या मनात काहीतरी होतं. डिम्प्ना होती तोवर ते नव्हतं, किंवा असलं तरी झोपलेलं होतं. तीस वर्षं दर गुरुवारी ती मॅगनरच्या पबात वाजवायला जायची. सेनन फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचा, ती पेटी, आणि बाकीचे त्यांच्या मागं. मी कधी गेलो नाही. मी डेअरीच्या दुधाचा टँकर चालवायचो, पहाटे चारला उठावं लागायचं. ती परत यायची तेव्हा मी झोपलेला असायचो. अंथरुणात शिरली की तिचे गार पाय माझ्या पायांना लागायचे आणि मला अर्धवट जाग यायची. ती अंधारात हसत असायची. का हसतेस असं मी कधी विचारलं नाही. माणूस एकटा स्वयंपाकघरात बसायला लागला की असल्या न विचारलेल्या गोष्टी एकेक करून समोर येऊन बसतात.

आणि अंत्यविधीच्या दिवशी सेनन फिडल घेऊन आला होता. चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्यानं खोकं उघडलं, फिडल बाहेर काढली, थोडा वेळ नुसता धरून उभा राहिला आणि परत ठेवून बाहेर निघून गेला. एकही सूर वाजवला नाही. बायका म्हणाल्या, बिचाऱ्याला सहन झालं नाही. नवरा मी. मी पुढच्या बाकावर बसलो होतो आणि मला सहन झालं होतं. याला काय सहन झालं नाही?

तर पेटी मांडीवर ठेवून मी बसनं गावात उतरलो.

आमच्या बॅलीनाकॅराला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात उभं राहायला जागा नसते. ब्रिटनीहून लोक येतात, वेल्सहून, स्कॉटलंडहून, आयल ऑफ मॅनहून. सगळे आमचे दूरचे भाऊबंद, असं म्हणतात. मला ते भाऊबंद कधी पटले नाहीत. सकाळी अकराला स्कॉटलंडचे लोक लोकरीचे झगे घालून ऊन असताना चौकात उभे होते, घामानं निथळत. ब्रिटनीवाल्यांची वाद्यं अशी किंचाळतात की मॅगनरचं कुत्रं तीन दिवस खाटेखालून बाहेर येत नाही. वेल्सची एक बाई माझ्याकडं बघून हसली. मी ओळखत नव्हतो तिला. का हसली असेल, असा विचार करत मी चर्चच्या पॅरिश हॉलपर्यंत गेलो.

हॉलमध्ये ब्रीडा मरोनी चहा देत होती. आमची शेजारीण. तिच्या हाताखाली हॅमच्या सँडविचेसचा डोंगर होता.

"आलास एकदाचा," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, हा माणूस यंदा गाईसारखा गोठ्यातच बसणार. दाढी करताना कापून घेतलंस वाटतं?"

"दिसतंय का?"

"लांबून नाही दिसत. बस. दोन खा, एकानं काही होत नाही." मग तिचं लक्ष खोक्याकडं गेलं. "अगंबाई, तिची पेटी! तू वाजवणार आहेस की काय?"

"सेननला द्यायचीय."

"म्हणूनच विचारत होता तो. सकाळपासून दोनदा येऊन गेला. मॅलकी आला का, मॅलकी आला का. मी म्हटलं, मी काय त्याची आई आहे?"

दोनदा. मी सँडविच खाली ठेवलं.

"काय विचारत होता नेमकं?"

"आला का, एवढंच. आता तोंड असं का केलंस? मोहरी जास्त झालीय का?"

"नाही गं."

"तो शाळेत आहे, फिडलचे वर्ग चाललेत. दोन वाजेपर्यंत सुटायचा नाही. तोवर मॅगनरकडं जाऊन बस. ब्रिटनीची एक मुलगी आलीय, फार छान वाजवते म्हणतात. ऐक जरा. घरात बसून तुझे कान गंजलेत."

मॅगनरकडं मला जायचं नव्हतं. पण हॉलमध्ये प्रत्येक जण येऊन माझा हात दोन हातांत धरत होता, म्हणून गेलो.

पबात खिडकीजवळ सात-आठ जण गोल करून बसले होते. डिम्प्नाची जागा मला माहीत होती, ती सांगायची, खिडकीखालचं बाक, रेडिएटरकडचं टोक. तिथं मॉसी कीन बसला होता, फ्लूटवाला. जाडा, लाल चेहऱ्याचा, सतत कुणाची तरी थट्टा करणारा. मला बघून तो उठायला लागला. मी हातानंच बस म्हटलं आणि दाराजवळच्या स्टुलावर पेटी मांडीवर घेऊन बसलो. मॅगनरनं न विचारता बिअरचा पाइंट आणून ठेवला.

ती मुलगी मॉसीच्या शेजारी होती. मुलगी कसली, तिशीची असेल. केस बारीक कापलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. फिडल हनुवटीखाली नाही, जरा खाली, छातीवर धरायची. आमच्याकडचे म्हातारे धरायचे तसं. दोन-तीन धुनी सगळ्यांनी मिळून वाजवल्या. मग सगळे ग्लास उचलत असताना तिनं एकटीनं एक जिग, नाचाची उडती धून, सुरू केली.

पहिल्या चार सुरांतच मला कळलं. माझी होती ती.

आता हे नीट सांगायला हवं. चोवीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या छातीत पाणी झालं. सहा आठवडे मी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत पडून होतो. डिम्प्ना स्वतः कधी धुनी रचायची नाही. म्हणायची, जगात आहेत तेवढ्याच कुणी धड वाजवत नाही, त्यात माझी भर कशाला. पण त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती चुलीपाशी बसली आणि तिनं एक जिग वाजवली, जी मी कधी ऐकली नव्हती. दार उघडं होतं. मी पडल्यापडल्या विचारलं, ही कुणाची? ती म्हणाली, "तुझी. बाहेर नाही वाजवणार मी ही. घरातच राहील."

त्या धुनीला नावसुद्धा दिलं नाही. रविवारी जेवण झालं की भांडी तशीच ठेवून ती वाजवायची आणि मी शीळ घालायचो. मला वाद्य येत नाही, पण शीळ येते. फक्त दुसऱ्या भागात एका जागी माझा दम संपायचा. छाती पुन्हा पूर्वीसारखी झालीच नाही. त्या जागी आली की ती भाता धरून ठेवायची आणि म्हणायची, "घे श्वास. मी कुठं पळून जात नाही." हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत तिच्यानं बोलवत नव्हतं, तेव्हा मी हळूच शीळ घालायचो आणि चादरीवर तिची बोटं चालायची. त्या जागी बोटं थांबायची. मी श्वास घेतला की परत चालायला लागायची.

एवढीच होती माझ्याकडं. लोकांकडं बायकोची पत्रं असतात. माझ्याकडं ही होती. आणि आता मॅगनरच्या पबात, भर दुपारी, परदेशातली कुणी एक बाई ती वाजवत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. जशी माझ्या डोक्यात होती तशीच, एक सूर इकडचा तिकडं नाही.

धून संपली. लोकांनी टेबलावर हात मारले.

मॉसीनं विचारलं, "ही कुठून उचललीस गं, पोरी?"

हे आमच्याकडं विचारतातच. दुसऱ्याची धून वाजवण्यात काही चूक नाही, सगळ्या धुनी दुसऱ्याच्याच असतात. पण कुणाकडून घेतली ते सांगावं लागतं. न सांगणाऱ्याला कुणी जवळ बसवत नाही.

ती म्हणाली, "लिलीसांच्या घरी मिळाली मला. तीन वर्षांपूर्वी मी तिथं उतरले होते. नाव माहीत नाही."

"सेननकडं? बघा, बघा!" मॉसी म्हणाला. "तीस वर्षं या बाकावर मांडीला मांडी लावून बसलो, आणि हा असला माल घरात दडवून ठेवतो. मी म्हणतच होतो, लिलीस म्हणजे आतल्या गाठीचे."

सगळे हसले. मी उठलो. पाइंट तसाच राहिला.

बाहेर चौकात मिरवणूक चालली होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि ती जाईपर्यंत थांबलो, कारण पलीकडं जायला वाट नव्हती. तीन वर्षांपूर्वी डिम्प्ना धडधाकट होती. म्हणजे तिनं ती सेननच्या घरी नेली होती. त्याच्यासाठी वाजवली होती. आणि त्याला ती इतकी आपली वाटली की त्यानं ती घरी उतरलेल्या पाहुणीला देऊन टाकली. घरातच राहील, म्हणाली होती. कुणाच्या घरात? गुरुवारचं ते हसणं मला आठवलं. चर्चमधली फिडल आठवली. मार्चपासूनची पेटीची घाई आठवली. एकेक गोष्ट दुसरीच्या शेजारी जाऊन बसत होती, आणि मला काही करावंच लागत नव्हतं.

मी ठरवलं, पेटी द्यायची नाही. विचारायचं आणि घरी जायचं.

सेनन शाळेच्या अंगणात खुर्च्या एकावर एक रचत होता. उंच, वाळका माणूस, लग्न केलं नाही, बहीण नुअला आणि तीस गाई एवढाच संसार. मला बघून त्यानं खुर्ची तशीच सोडली.

"मॅलकी! आणलीस?"

मला नाही, आधी खोक्याला बघितलं त्यानं. मी ते दुसऱ्या हातात घेतलं.

"आणलीय. दिली नाही अजून."

"बरं," तो म्हणाला. "बरं. तुझी इच्छा." मग, "जेवलास?"

"एक जिग आहे. तुझ्या घरची म्हणतात."

"माझ्या घरी कोंबड्यासुद्धा जिग वाजवतात. कुठली?"

"ती ब्रिटनीची मुलगी वाजवतेय मॅगनरकडं. म्हणाली, लिलीसांच्या घरी मिळाली."

"ग्वेनोला? आली का ती?" त्याला आनंद झाला, किंवा झाल्यासारखं दाखवलं. "राहिली होती आमच्याकडं पंधरा दिवस, मागच्या माडीवर. पण माझ्याकडून तिनं नाचाची एकच धून नेली, एक रील, आणि तीही वाकडी करून. जिग कुठली दिली मी? वाजव बघू. म्हणजे शीळ घाल."

"नाही घालणार."

"का?"

"तुला माहीत आहे ती."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मास्तर मुलाकडं बघतो तसं. आपल्याला नीट ऐकू आलं की नाही असं.

"मॅलकी, तू काय विचारतोयस?"

"डिम्प्ना तुझ्या घरी यायची का?"

"यायची की."

इतक्या सहज म्हणाला तो.

"मला नाही माहीत."

"तुला नाही माहीत? अरे, नाताळच्या आधी दर वर्षी यायची. नुअला आणि ती मिळून केक करायच्या. न्यायला तूच यायचास."

"मी गाडीत बसायचो. आत काय व्हायचं ते मला कसं कळणार?"

"केक व्हायचा," सेनन म्हणाला.

खुर्च्यांच्या ढिगातली सगळ्यात वरची खुर्ची हलत होती, ती त्यानं हातानं धरली. त्याच्या कानामागं रंग चढला होता. रागाचा की लाजेचा, मला सांगता येईना.

"चल," तो भिंतीपाशी ठेवलेलं फिडलचं खोकं उचलत म्हणाला. "मला ऐकू दे ती. आणि काय ते माझ्यासमोर विचार. मागून नको."

चौकातून जाताना लोक त्याला हाका मारत होते, तो नुसता हात वर करत होता. गुन्हेगार माणूस असाच चालतो असं मला वाटलं. मग वाटलं, माझीही चाल तशीच असेल.

पबात शिरल्यावर मॉसी ओरडला, "आला, आला चोर! सेनन, ती जिग कुठं लपवून ठेवली होतीस?"

"गप बस, मॉसी," सेनन म्हणाला. तो इतक्या जोरात कधी बोलत नाही. मॉसीनं ग्लासात तोंड घातलं.

ग्वेनोला उठून त्याच्या गालांना गाल लावायला पुढं आली. त्यानं तिचा खांदा थोपटला आणि म्हणाला, "मगाशी वाजवलीस ती जिग वाजव बघू, पोरी. एकदा."

तिनं वाजवली. मी धून ऐकली नाही, मी त्याचा चेहरा बघत होतो. पहिल्या ओळीनंतर त्याचे डोळे मिटले. दुसऱ्या ओळीला त्याची हनुवटी हलली. ओळखली त्यानं. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि आता ते नको होतं.

धून संपल्यावर तो माझ्याकडं वळला. "ही डिम्प्नाची आहे."

"म्हणजे माहीत होती तुला."

"आत्ता ऐकली पहिल्यांदा. पण तीस वर्षं त्या बाईच्या शेजारी बसलोय, मॅलकी. तिचं वळण मला कळणार नाही? ती कुठं वर जाईल, कुठं खाली येईल." तो ग्वेनोलाकडं वळला. "दुसरा भाग पुन्हा. सावकाश."

तिनं सावकाश वाजवला.

"थांब. तिथं गज का उचललास?"

"कुठं?"

"तिथंच. त्या लांब सुरानंतर. गज उचललास, मग परत टेकवलास. मधे मोकळी जागा सोडलीस."

"तसंच आहे ते," ती म्हणाली. "मी तसंच ऐकलं."

"फिडलला श्वास लागत नाही, पोरी. तिथं उचलायचं काही कारण नाही. आणि पेटीलाही लागत नाही. डिम्प्ना तिथं थांबली असती तर मी तिला हसलो असतो." तो बोलता बोलता हळू होत गेला. "ही धून वाद्यावरून आलेली नाही. कुणाच्या तरी तोंडून आलीय. फ्लूट असेल, नाहीतर शीळ."

"माझ्याकडं बघू नका," मॉसी म्हणाला. "मी सकाळी अकराच्या आधी श्वाससुद्धा घेत नाही."

सेनन हसला नाही. "ग्वेनोला, घर सांगू नकोस. माणूस सांग. कुणाकडून घेतलीस?"

ती गोंधळली. फिडल मांडीवर ठेवली.

"माणूस मी पाहिलाच नाही. म्हणून तर घर सांगते. माझी खोली मागच्या बाजूला होती. खाली पत्र्याचं छप्पर, त्याच्या पलीकडं दुधाची टाकी. दिवसाआड सकाळी सहाला मोठी गाडी यायची. पाइप लावला की यंत्र घुरघुरायला लागायचं, आणि एक माणूस शीळ घालायचा. दूध भरेपर्यंत तीच धून, परत परत. मी उशी घेऊन खिडकीत बसायचे आणि शिकायचे. त्या जागी तो नेहमी थांबायचा. दर वेळी. मला वाटलं, ती अशीच आहे. मला तर तीच जागा सगळ्यात आवडली. शेवटच्या दिवशी कुणाची ते विचारायला खाली धावले, पण गाडी निघून गेली होती. मग मला वाटलं, लिलीसांच्या घरचाच कुणी गडी असेल आणि धून सेननची असेल. फिडलवाल्याच्या अंगणात दुसऱ्या कुणाची असणार?"

पंचक्रोशीत दुधाचा टँकर कोण चालवत होतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मॅगनर कपडा घेऊन ग्लास पुसत होता, त्याचा हात थांबला.

सुरुवात मॉसीनं केली. त्याच्या पोटातून आवाज यायला लागला. "एकेचाळीस गोठे! एकेचाळीस गोठ्यांत हा माणूस रोज धून वाटत फिरला, आणि चोर शोधायला शाळेत गेला!"

मग सगळे हसले. मला राग आला नाही. मी तिथंच, दाराजवळच्या स्टुलावर बसलो. टाकीपाशी उभं राहून दूध चढेपर्यंत काहीतरी करावं लागतं. मी शीळ घालायचो. आपण काय घालतोय याच्याकडं माझं कधी लक्ष गेलं नाही. तिनं ती स्वयंपाकघराबाहेर नेली नव्हती. चोवीस वर्षांत एकदाही नाही. मी नेली होती, गोठ्यागोठ्यात, एक दिवस सोडला नाही. आणि फेब्रुवारीपासून मी तिच्याविरुद्ध तिच्या पायांच्या गारव्याचीसुद्धा साक्ष काढत बसलो होतो.

सेनन माझ्याजवळ स्टूल ओढून बसला.

"ती एकदा म्हणाली होती," तो हळू म्हणाला. "की एक धून अशी आहे जी तुम्हा लोकांना मी कधी देणार नाही. मी म्हटलं, मग कुणाला देणार? म्हणाली, दिलेली आहे." त्यानं खोक्यातून गज काढून उगाचच पुसला. "त्या दिवशी चर्चमध्ये मी फिडल काढली ना. मला वाटलं, आज तीच वाजवायला हवी. बाकी काही वाजवणं बरोबर नाही. आणि ती मला येत नव्हती. म्हणून ठेवून दिली. आणि ती दिवसाआड माझ्याच अंगणात वाजत होती, मी तेव्हा गोठ्यात दूध काढायच्या यंत्राच्या घरघरीत असायचो."

मी म्हणालो, "मग या पेटीची एवढी घाई का रे तुला?"

"अरे, पाच महिने झाले! आठवड्यातून एकदा तरी हवा द्यावी लागते तिला. भाता आखडतो, आतल्या पात्या चिकटतात. कपाटावर ठेवलीस ना? चुलीच्या वर? मला वाटलंच. दर गुरुवारी पबात बसल्याबसल्या ती पेटी तुझ्या कपाटावर डोळ्यांसमोर यायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा. पण शोकातल्या माणसाला किती वेळा विचारणार?"

मी खोकं त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घे."

"नक्की?"

"तिनं सांगितलं होतं. आणि नाताळच्या केकबद्दल मी नुअलाला विचारणार आहे, हे ध्यानात ठेव."

"विचार. पण भांडायला जाऊ नकोस, ती तुला अर्धा किलो मनुका निवडायला बसवेल."

त्यानं खोकं उघडलं. पट्टे सैल केले, भाता हळूच ओढला. पेटीनं आधी नुसती धाप टाकली, मग कुठूनतरी एक सूर आला, खरखरीत. तो कान लावून ऐकत राहिला, दुसऱ्या बाजूची दोन बटणं दाबली, मान हलवली. "वाचेल," म्हणाला, आणि ती बाकाच्या रेडिएटरकडच्या टोकाला ठेवली. मॉसी न सांगता सरकला होता.

ग्वेनोला माझ्यासमोर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर अपराध केल्यासारखं काहीतरी होतं.

"मी नाही वाजवणार पुन्हा," ती म्हणाली. "तुमची आहे, मला माहीत नव्हतं."

"आता काय उपयोग," मी म्हणालो. "एकेचाळीस गोठ्यांत तरी गेलीच आहे."

"मग मला नीट शिकवा. त्या जागी खरी कशी आहे? न थांबता?"

सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवली. आता ती धून पुरती येणारा एकच माणूस उरला होता, आणि तो मी. मी ओठ ओले केले. पहिला भाग बरा गेला. दुसऱ्या भागात मी आधीपासून श्वास राखून ठेवला, पोट आवळलं, त्या लांब सुरापर्यंत पोहोचलो, आणि तिथंच दम संपला. नेहमीसारखा. पुन्हा एकदा घालून बघितली. पुन्हा तिथंच. तिथं एकदोन सूर होते, डिम्प्ना ते सुरुवातीला वाजवायची, पण रविवारी माझ्यासाठी थांबून थांबून ती जागा रिकामीच राहिली होती, आणि ते सूर मला आठवेनात.

"राहू दे," सेनन म्हणाला. "आता ती अशीच आहे."

"आणि विचारलं तर काय सांगू?" ग्वेनोलानं विचारलं. "कुणाकडून घेतली?"

"मॅलकी टॅल्टीकडून," मी म्हणालो. "त्यानं बायकोकडून घेतली. डिम्प्नाकडून. दोन्ही नावं सांगायची."

"दोन्ही," ती म्हणाली.

मग त्यांनी ती वाजवली. पहिल्यांदा ग्वेनोला एकटीनं, दुसऱ्यांदा सेनन तिच्याबरोबर, तिसऱ्यांदा सगळे. मी शीळ घातली नाही. माझा पाइंट अजून तिथंच होता, फेस बसलेला. दुसऱ्या भागात तो लांब सूर आला आणि सगळ्यांनी गज उचलले, मॉसीनं फ्लूट ओठांपासून दूर केली. खोलीत एकही आवाज नव्हता. बाहेर ब्रिटनीवाले किंचाळत होते.

मी श्वास घेतला. तोवर कुणी पुढं गेलं नाही.